फौजेत १३ वर्षं झाली, आता दारूच्या केसवरून नाव कापून यायचं का?

सांखळीची सून
नमस्कार. नवऱ्याविषयी लिहिते आहे, त्यामुळे नावगाव विचारू नका. सांखळी एवढं पुरे.

हे सैन्यात नाईक आहेत, सिग्नल्सला, ऑपरेटर ट्रेड. १३ वर्षं झाली. चवथीसाठी वार्षिक सुट्टीवर आलेत. गेल्या आठवड्यात पर्वरीला मित्राकडे बसले आणि रात्री सासऱ्यांची स्कूटर घेऊन परत निघाले. हायवेवर पोलिसांनी अडवलं, नळीत फुंकायला लावलं, आकडा आला ९४. अपघात नाही, कुणाला धक्का नाही. स्कूटर ठाण्यात, लायसन्स त्यांच्याकडे, म्हापशाच्या कोर्टात तारीख.

दंडाचं बघून घेऊ. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "मी नाव कापून येतो. युनिटला तोंड दाखवायचं नाही." म्हणजे फौज सोडून घरी. ह्या हिवाळ्यात हवालदारच्या कॅडरला, म्हणजे बढतीच्या कोर्सला, जायचं होतं. आता सर्व्हिसच्या कागदावर लाल शाईची एन्ट्री, म्हणजे मोठ्या शिक्षेची नोंद, पडणार, ज्युनियर पुढे जाणार, सगळे हसणार, हे सगळं त्यांनी एका रात्रीत ठरवून टाकलंय. सासरे म्हणतात ये घरी, काजूचं भाट आहे, मिनीबस घेऊ. माझा भाऊ म्हणतो वेड लागलंय का. सासूबाईंना नोकरीचं काही नाही, श्रावणात प्यायला ह्याचंच लागलंय.

प्यायलेच कशाला, ह्यावर घरात पुरेसं झालंय. तेवढं सोडून बोला.

पात्रांव
तेवढं सोडून कसं बोलणार वहिनी? ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारीच्या पुलावर काय झालं ते सगळ्या गोव्यानं बघितलं. तीन माणसं गेली. तुमच्या ह्यांना पोलिसांनी थांबवलं हे उपकारच म्हणा. पर्वरीहून सांखळी म्हणजे काय गल्लीतलं अंतर नाही. मित्राच्या घरी झोपायला काय झालं होतं?

सांखळीची सून
हेच मी म्हणाले, ह्याच्यापेक्षा वाईट शब्दांत. पुढे?

निवृत्त सुभेदार
सूनबाई, मी सावंतवाडीचा, २८ वर्षं करून आलोय. एकच आकडा आधी डोक्यात ठेवा: १५.

जवानाला पेन्शन लागायला १५ वर्षांची सेवा पुरी व्हावी लागते. १३ वर सुटला तर पेन्शन शून्य. ग्रॅच्युइटी मिळेल, फंडातले त्याचेच पैसे मिळतील, ग्रुप इन्शुरन्सचे मिळतील, साठलेल्या रजेचे मिळतील. रक्कम ऐकायला बरी वाटते, मिनीबसच्या डाउन पेमेंटला पुरतेही. पण ती एकदाच. पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, आयुष्यभर, आणि त्याच्या मागं तुम्हाला फॅमिली पेन्शन.

आता लोकांना न कळणारी गोष्ट. स्वतःच्या विनंतीवरून, पेन्शन न कमावता सुटलेला माणूस सरकारी हिशेबात 'माजी सैनिक' धरला जात नाही. वर्दी १३ वर्षं घातली असली तरी नाही. म्हणजे ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड नाही, कँटीन नाही, माजी सैनिकांच्या राखीव जागा नाहीत. केंद्राच्या क गटात त्या १० टक्के आहेत, सरकारी बँकांत क गटात साडेचौदा. गोव्यात घरी बसून दुसरी नोकरी मिळवायचा आपल्या माणसाचा तोच तर रस्ता. तुमच्या भाटातलीच गोष्ट सांगतो, मोहोर आलेला काजू कुणी तोडतं का?

लाल एन्ट्रीची भीती मी समजतो. पण एका एन्ट्रीनं कुणी घरी जात नाही. चार लाल एन्ट्र्या झाल्या की नको असलेला जवान म्हणून काढायची कारवाई करता येते, आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं वीरेंद्रकुमार दुबेच्या खटल्यात सांगितलं की नुसत्या चार मोजूनही काढता येत नाही, चौकशी हवी, त्याची सेवा किती, कुठल्या कठीण जागी झाली ते बघायला हवं. तुमच्याकडे अजून पहिलीही पडलेली नाही. का आधी पडल्यात? ते विचारून घ्या.

दर्यावर्दी
दहा हजार भरा, गप्प परत जा. युनिटला कोण सांगायला जातोय? गोव्याची केस गोव्यात.

सांखळीची सून
सुभेदार काका, विचारलं. लाल एकही नाही. काळी (हलक्या शिक्षेची) एक आहे, रिक्रूट असताना उशिरा पोचले होते त्याची.

दर्यावर्दी, ते जमणार नाही. सोडतील म्हणून ह्यांनी पोलिसांना आयकार्ड दाखवलं. त्यांनी नंबर लिहून घेतला.

निवृत्त सुभेदार
अरे देवा. कार्ड दाखवून सुटायचा जमाना गेला म्हणावं.

काळा कोट
म्हापशाच्या कोर्टात माझं रोजचं येणंजाणं आहे, म्हणून लिहितो. ह्याला सल्ला समजू नका, कागद बघणारा वकील वेगळा लावा.

कलम १८५, मोटार वाहन कायदा. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ९४ म्हणजे तिप्पट, त्यामुळे 'थोडीशीच घेतली होती' हे कोर्टात बोलू नये. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी दंड दोन हजारांपर्यंतच होता, म्हणून जुनी माणसं 'काही होत नाही' म्हणतात. दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत किंवा १५,००० किंवा दोन्ही. रस्त्यात पावती फाडून मिटणारा हा गुन्हा नाही, न्यायाधीशांसमोर जावंच लागतं. लायसन्स आरटीओकडे जाईल आणि किमान तीन महिने निलंबित राहील असं धरून चला.

आता कामाचं. मीटरमधून जी छोटी पट्टी निघाली तिची प्रत मिळाली असेल तर आजच झेरॉक्स काढा. तो थर्मल कागद असतो, बसच्या तिकिटासारखा. पाकिटात ठेवला तर काही महिन्यांत पुसट होतो. त्यावर वेळ, मशिनचा नंबर आणि फुंकायच्या आधीची शून्याची नोंद आहे का बघा. अटक दाखवली होती का? दाखवली असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडे नेलं होतं का? हे वकिलाला विचारू द्या.

गुन्हा कबूल करायचाच असेल तर वकील १९५८ चा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा पुढे करून समज देऊन सोडा अशी विनंती करू शकतो. मिळेलच असं नाही, हल्ली ह्या कलमात न्यायाधीश हात आखडता घेतात आणि मला त्यात चूक दिसत नाही. पण नोकरीत असलेल्या माणसानं मागून बघावं. कबुली देण्याआधी युनिटला काय कळवायचं ते ठरवा, नंतर नाही.

छावणी
मी नौकरीतल्याची बायको, बेळगावात वाढलेली. ताई, एक विचारते, रागावू नका. युनिटमध्येही घेतात का रोज? की सुट्टीतच?

पात्रांव
आणि ते भाड्याच्या गाड्या घेऊन दारू पिऊन फिरणारे पर्यटक कधी पकडणार? स्कूटरवाल्या गोंयकारालाच नळी. कळंगुटला जाऊन बघा शनिवारी रात्री.

मंडळ चालक
पात्रांव, त्यासाठी वेगळा धागा आहे. इथं नको.

सांखळीची सून
छावणी ताई, रागावले नाही. दोन दिवस ह्याचंच उत्तर शोधत होते.

तिकडचं मला काय कळणार. पण इकडे सुट्टीवर आले की पहिला आठवडा बरा जातो. मग संध्याकाळी सात वाजले की उठतात, चपला शोधतात, 'जरा तिंट्यावर जाऊन येतो' म्हणतात. मुलगा पहिलीत आहे. त्याचा अभ्यास घेताना मध्येच उठतात. आमच्या घरात दारू नवीन नाही, सासऱ्यांची उन्हाळ्यात काजूची भट्टी असते, उर्राक प्यायलेली माणसं मी रोज बघते. पण सात वाजता असं उठणारा दुसरा कुणी नाही आमच्यात.

आजचा दिवस
सात वाजले की उठतो, हे वाक्य मी माझ्या बायकोच्या तोंडून ऐकलं होतं. मी फौजी नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेला जातो, गोव्यात मराठी-कोंकणी बोलणारे गट आहेत, फी नाही, नाव विचारत नाहीत. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आयपीएचबी, तिथं व्यसनमुक्तीची ओपीडी सरकारी दरात होते. सुट्टी संपायच्या आत एकदा तरी न्या. नोकरी सोडून घरी आला तर सात वाजता उठायला वर्षाचे ३६५ दिवस मिळतील, एवढं लक्षात ठेवा.

निवृत्त सुभेदार
ह्यात मला एक सांगावं लागेल, कारण कुणीतरी सांगेलच. फौजेत दारूची सवय वैद्यकीय कागदावर आली की कॅटेगरी खाली जाते. शेप ह्या वैद्यकीय श्रेणीतल्या 'एस'ला, म्हणजे मानसिक बाजूला, ती नोंद होते. काही काळ निगराणीखाली ठेवतात, हत्यार देत नाहीत, बढती थांबते. म्हणून जवान तोंड उघडत नाहीत. मी स्वतः सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) असताना अशी मुलं बघितली आहेत. वेळेवर डॉक्टरकडे गेलेल्यांतले बरेच कॅटेगरी परत वर आणून पेन्शनपर्यंत पोचले. लपवत बसलेल्यांचं एक दिवस हजेरीच्या फॉल-इनमध्येच उघडं पडलं.

वाळपईचा
मी ११ वर्षांवर सुटलो. पेन्शन नाही, कार्ड नाही. सगळे इथं पेन्शन पेन्शन करतायत म्हणून दुसरी बाजू.

मला पश्चात्ताप नाही. माझा ट्रक आहे, रेती-खडीचं काम होतं, रोज घरी जेवतो. पेन्शनसाठी कुढत राहिलेली माणसं बघितलीत, त्यांची बायकापोरं त्यांना ओळखत नाहीत. पण वहिनी, मी कशामुळे सुटलो ते सांगतो: वडील गेले, धाकटी बहीण लग्नाची, भाऊ नाही. शांतपणे अर्ज केला, आठ-नऊ महिने वाट बघितली, डिस्चार्ज बुकावर चारित्र्य 'एक्झेम्प्लरी' घेऊन आलो. केस अंगावर असताना सुटायचं तर त्या रकान्यात काय लिहून मिळेल? इथं कुणी नोकरी देताना तेवढं एक पान उलटून बघतो. तरीसुद्धा बँकेच्या गार्डच्या जागेला मला अर्जच करता आला नाही, माजी सैनिक हवा होता. सुभेदार साहेब म्हणाले ते खरंच आहे.

आणि रेतीचं काम म्हणजे मिनीबस नाही. मिनीबसवाल्यांची हल्लीची स्थिती सासऱ्यांना विचारा.

दर्यावर्दी
सैनिकांना कोर्टातून संरक्षण देणारा कायदा आहे ना, १९२५ चा? तो दाखवला की केस थांबते.

काळा कोट
नाही हो. तो इंडियन सोल्जर्स लिटिगेशन कायदा जमिनीच्या, पैशाच्या, महसुलाच्या दाव्यांसाठी. सैनिक ठराविक परिस्थितीत ड्यूटीवर असला तर त्याच्या पाठीमागे दिवाणी दावा पुढे जाऊ नये म्हणून. फौजदारीला लागू नाही. प्यायलेल्यांसाठी ब्रिटिशांनी कायदा केला नव्हता.

हजेरीसाठी मात्र उपाय आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२८ खाली वकिलामार्फत हजर राहण्याची परवानगी मागता येते. पण तारीख सुट्टीतच पडत असेल तर स्वतः उभे राहा आणि संपवा.

आणखी एक, कारण पुढच्या वाक्यात कुणीतरी विचारेल. एकाच गुन्ह्यासाठी कोर्टात शिक्षा झाली की आर्मी अॅक्टच्या कलम १२१ खाली कोर्ट-मार्शल किंवा सीओसमोर (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरसमोर) त्याच गुन्ह्याची पुन्हा सुनावणी होत नाही. पण कारणे दाखवा नोटीस, बढतीच्या वेळी विचार, हे प्रशासकीय मार्ग उघडे राहतात.

निवृत्त सुभेदार
वकील साहेबांना जोड देतो. आर्मी अॅक्टच्या कलम ४८ मध्ये नशेत सापडणं हा ड्यूटीवर नसतानाही गुन्हा आहे. सुट्टीवर होतो म्हणून चालत नाही. पण नाईक म्हणजे एनसीओ, शिपायाच्या वरचा हुद्दा. कलम ८० खाली सीओ साहेब शिपायाला २८ दिवसांची कैद देऊ शकतात, एनसीओला ती देता येत नाही. सिव्हिअर रेप्रिमांड (कडक ताकीद), रेप्रिमांड (ताकीद), १४ दिवसांपर्यंतचा पगार कापणं, असलं होतं. पेशीला टोपी-बेल्ट काढून उभं राहावं लागतं, पाच मिनिटं कान गरम होतात. त्यासाठी पेन्शन सोडायची?

खरी धोक्याची गोष्ट दुसरीच. लाजेनं सुट्टी संपल्यावर घरीच बसून राहिला तर. ओव्हरस्टे, कलम ३९. कोर्ट-मार्शलमध्ये तीन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. दारूची एक केस असताना दुसरी स्वतःच्या हातानं लावून घेईल. मी जेवढी मुलं बरबाद झालेली बघितली त्यातली बहुतेक पहिल्या गुन्ह्यानं नाही, त्याच्यानंतर घरी लपून बसल्यानं. आजच त्याला सीनियर जेसीओ साहेबांना (सुभेदार दर्जाच्या साहेबांना) फोन लावायला सांगा. मेसेज नको, फोन. 'साहेब, गलती हुई है, केस बना है, तारीख फलानी है.' बस.

आणि हेही सांगा की चौकशी चालू असताना सुटण्याचा अर्ज सहसा पुढे सरकतच नाही. म्हणजे आत्ता नाव कापून येतो म्हणणं हे नुसतं बोलणं आहे.

दर्यावर्दी
मी नेव्हीत आहे, वास्कोला. वर गंमत करत होतो, आता नीट लिहितो. आमच्याकडे एका सेलरनं लपवलं. बढतीच्या वेळी पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये निघालं. दारूसाठी नाही, लपवल्यासाठी अडकला. फोन करा.

छावणी
ताई, आणि ते खरंच ह्या केसमुळेच सुटतायत का? कारण आमच्या ह्यांनी चार वर्षांत प्रत्येक सुट्टीत 'आता बस' म्हटलंय. निमित्त दर वेळी वेगळं.

सांखळीची सून
तुम्ही कशा ओळखलंत कोण जाणे.

काल रात्री नीट बोलणं झालं. मुलगा झोपल्यावर. दोन वर्षं त्यांच्या मनात आहे म्हणे. मागच्या पोस्टिंगला फॅमिली क्वार्टर मिळाली नाही, मी मुलाला घेऊन इकडेच राहिले, तिकडे एकटे. एकदा मुलानं फोनवर बोलायला नकार दिला, कार्टून चालू होतं. ह्यांनी ते मनाला लावून घेतलं. आम्हाला आठवतसुद्धा नाही तो दिवस. मग संध्याकाळी मेसमध्ये बसायला सुरुवात. केस झाली आणि त्यांना वाटलं, बरं झालं, आता कारण मिळालं.

मी म्हटलं, यायचंच असेल तर या. पण पोलिसांनी पकडलं म्हणून नको. मुलगा मोठा झाल्यावर त्याला काय सांगणार, बाबा का परत आले?

ह्यावर काही बोलले नाहीत. सकाळी फोन लावला. साहेबांनी शिव्या घातल्या (मी शेजारीच होते, स्पीकरवर नसतानाही ऐकू आल्या) आणि मग विचारलं, "वकील लगाया?"

वाळपईचा
शिव्या घालणारा साहेब म्हणजे नशीब. गप्प बसणारा असता तर काळजी.

निवृत्त सुभेदार
शाबास. आता हे दोन वेगळे प्रश्न झाले, आणि वेगळेच ठेवा. केस ह्या महिन्यात संपेल. घरी यायचं की नाही, त्याला अजून जवळजवळ दोन वर्षं आहेत. १५ पुरी झाली की पेन्शन घेऊन नाव कापलं तर माजी सैनिकही, पेन्शनरही, आणि मुलगा तेव्हा तिसरीत असेल. १६ वर दुसरं एमएसीपी (बढती नसली तरी वरच्या हुद्द्याचा पगार) लागतं, पगार वाढतो म्हणजे पेन्शनही. वर्षभर जास्त काढता आलं तर तेही बघावं. मधल्या काळात क्वार्टरसाठी लेखी अर्ज करायला सांगा. तोंडी सांगून कुणाला क्वार्टर मिळालेली नाही. एनसीसीसारखं ईआरई, म्हणजे युनिटबाहेरचं पोस्टिंग, तेही मागता येतं, गोव्यातही बटालियन आहे, पण एक एन्ट्री ताजी असताना ते मिळणं कठीण, खोटी आशा लावत नाही.

कॅडर ह्या हिवाळ्यात बहुतेक हुकेल. हुकू द्या.

आजचा दिवस
आणि सात वाजताचं?

सांखळीची सून
बांबोळीला सोमवारी जातोय. स्वतःहून म्हणाले नाहीत, मी म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. कॅटेगरीची भीती आहेच. डॉक्टरांनाच विचारू म्हणते, काय लिहितात आणि कुणाला कळवतात ते. सभेचा पत्ता मला निरोपात पाठवा.

सासरे अजून मिनीबसवरच आहेत.

काळा कोट
तारखेला जाताना आधार, आयकार्ड आणि लीव्ह सर्टिफिकेट बरोबर ठेवा. आयकार्ड खिशातच राहू द्या, न्यायाधीशांनी विचारलं तरच काढायचं. निकाल लागला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतीला अर्ज करा, दोन प्रती घ्या. एक युनिटला, एक घरी. स्कूटर सासऱ्यांच्या नावावर असेल तर सोडवायचा अर्ज त्यांच्या सहीचा लागेल, मुलाच्या नाही. त्यांनाही त्या दिवशी घेऊन या.

सांखळीची सून
बसनं आणते दोघांना. कदंबा सांखळीहून सकाळी मिळते.